न आलेल्या उत्तराचे गुण
बहुपर्यायी परीक्षा, अंदाज आणि नकारात्मक गुणदान : एक आढावा

प्रश्नाला चार पर्याय आणि त्यांतला एक बरोबर. प्रश्न न वाचता गोळा रंगवला तरी तो बरोबर निघण्याची शक्यता चारात एक. हे गणित शाळकरी मुलालाही कळेल. पण वैद्यकीय प्रवेशाची नीट, अभियांत्रिकीची जेईई, संघ लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा, एमपीएससी, बँकांच्या आणि कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा, शिक्षक पात्रता, या साऱ्यांच्या निकालात हे 'चारात एक' मिसळलेले असते. २०२४ मध्ये नीटला २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. एवढ्या गर्दीत एकेका गुणाने हजारो क्रमांक वरखाली होतात. त्यामुळे न येणाऱ्या प्रश्नाचे काय करायचे हा उमेदवाराचा पेच असतो, आणि त्याच्या अंदाजाला काय भाव द्यायचा हा परीक्षा घेणाऱ्याचा. या दोन्ही पेचांवर शंभर वर्षे विचार चालू आहे. त्यातले काय पक्के झाले आहे, कशावर मतभेद आहेत आणि काय सुटायचे राहिले आहे, ते येथे क्रमाने पाहू.

पार्श्वभूमी

बहुपर्यायी प्रश्न आधी आला तो परीक्षकाच्या लहरीवर उपाय म्हणून. एकच उत्तरपत्रिका दोन शिक्षक तपासतात तेव्हा गुणांत मोठा फरक पडतो, ही तक्रार अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोर धरत होती. फ्रेडरिक केली यांनी १९१४-१५ च्या सुमारास कॅन्सस राज्यात मूकवाचनाची एक चाचणी तयार केली. तिच्यात प्रत्येक प्रश्नाला एकच ठरलेले उत्तर होते आणि तपासणाऱ्याच्या मताला वाव नव्हता. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने याच धर्तीच्या चाचण्या सुमारे सतरा लाख जवानांवर वापरल्या. १९२६ मध्ये महाविद्यालयीन प्रवेशासाठी सॅट सुरू झाली. १९३० च्या दशकाच्या अखेरीस पेन्सिलीच्या खुणा वाचणारे आयबीएमचे यंत्र आले आणि लाखो उत्तरपत्रिका तपासणे सोपे झाले.

परीक्षकाची मर्जी गेली, पण तिच्या जागी नशीब आले. हा आक्षेप तेव्हापासूनचाच आहे, आणि त्यावरचे पहिले उत्तरही तेव्हाचेच. बरोबर उत्तरांच्या संख्येतून चुकीच्या उत्तरांचा ठरावीक हिस्सा वजा करायचा. चार पर्याय असतील तर एक तृतीयांश, पाच असतील तर एक चतुर्थांश, म्हणजे पर्यायांच्या संख्येहून एकने कमी इतका छेद. हे सूत्र आजही आपल्या अनेक परीक्षांच्या सूचनापत्रात आहे.

नशिबाचा हिशेब

केवळ अंदाजपंचे दाहोदरसे गोळे रंगवून किती मजल मारता येते? दहा प्रश्नांची चाचणी असेल तर निम्मी किंवा त्याहून अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे आठ टक्के आहे. वीस प्रश्नांत ती दीड टक्क्याच्याही खाली जाते. पन्नास प्रश्नांत निम्मी उत्तरे जुळणारा माणूस सुमारे आठ हजारांत एक सापडेल. शंभर प्रश्नांत सरासरी पंचवीस बरोबर येतात आणि चाळीस गाठण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी असते. म्हणून ज्या परीक्षेत उत्तीर्णतेची रेषा पुरेशी उंच आणि प्रश्न पुरेसे आहेत, तिथे निव्वळ तुक्क्यावर कुणी पार होत नाही. शिक्षक पात्रता परीक्षेत दीडशे प्रश्न असतात आणि खुल्या प्रवर्गासाठी नव्वद गुण लागतात. चुकीला वजाबाकी नाही, तरी आंधळ्या अंदाजाची सरासरी साडेसदतीसच. दहा गुणांची वर्गचाचणी मात्र नशिबाला बरीच उघडी असते, ही गोष्ट शाळांतून फार कमी लक्षात घेतली जाते.

खरा गोंधळ निव्वळ तुक्क्याने होत नाही, तो ज्ञानात मिसळलेल्या तुक्क्याने होतो. एखाद्या मुलीला शंभरांपैकी साठ उत्तरे नक्की येतात आणि उरलेल्या चाळिसांवर ती अंदाज करते. सरासरीने तिला सत्तर गुण पडतील. सूत्र लावले तर चुकलेल्या तिसांचा तिसरा हिस्सा, म्हणजे दहा, वजा होऊन पुन्हा साठ उरतात. हिशेब चोख दिसतो. पण हा हिशेब सरासरीचा आहे. त्या चाळिसांत तिची दहाऐवजी तेरा उत्तरे जुळू शकतात किंवा सातच जुळू शकतात, आणि त्या वेळी सूत्र तिला साठावर आणून सोडत नाही. नशिबाची सरासरी भरपाई सूत्र करते, एकेका उमेदवाराच्या नशिबाची नाही.

याहून महत्त्वाची आणि कमी माहीत असलेली गोष्ट पुढे आहे. कुणीच एकही प्रश्न कोरा सोडला नाही, तर वजाबाकीसह लावलेला क्रम आणि वजाबाकीशिवाय लावलेला क्रम अगदी एकच येतो. सगळ्यांचे गुण एकाच प्रमाणात ताणले जातात, जागा कुणाचीच हलत नाही. क्रम बदलतो तो फक्त कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांमुळे. म्हणजे क्रमवारीच्या परीक्षेत नकारात्मक गुणदानाचा जो काही परिणाम होतो, तो 'कोण काय कोरे सोडतो' या एकाच दारातून आत येतो. पुढचा सगळा वाद या दाराशीच आहे.

आपल्या परीक्षांतले दर

संघ लोकसेवा आयोगाने नागरी सेवा पूर्वपरीक्षेत २००७ पासून एक तृतीयांश वजाबाकी लागू केली. चार पर्यायांना हा दर सूत्राशी तंतोतंत जुळतो. आंधळ्या अंदाजाची अपेक्षित कमाई शून्य. गेटमधल्या एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांना हाच दर आहे. कॅटमध्ये तीन गुणांना एक वजा, म्हणजे तोच हिशेब. बँक भरतीत पाच पर्याय आणि एक चतुर्थांश वजा, तोही शून्यावर येतो.

नीटची गोष्ट वेगळी आहे. बरोबर उत्तराला चार, चुकीला उणे एक. सूत्राप्रमाणे वजाबाकी एक पूर्णांक एक तृतीयांश हवी होती. ती कमी असल्यामुळे काहीही न येणाऱ्या प्रश्नावरही प्रत्येक अंदाजामागे सरासरी पाव गुण मिळतो. चाळीस प्रश्न कोरे सोडणाऱ्या विद्यार्थ्याने ते सगळे आंधळेपणाने रंगवले असते तर सरासरी दहा गुण वाढले असते. शंभरात सुमारे अठरा वेळा नुकसान झाले असते, बाकी वेळा फायदा किंवा बरोबरी. एमपीएससीतही चुकीला एक चतुर्थांश गुण कापले जातात आणि पर्याय चार असतात. दोन गुणांच्या प्रश्नावर आंधळ्या अंदाजाची सरासरी कमाई एक अष्टमांश गुण. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर स्तरावरील परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात दोन गुणांना अर्धा वजा, म्हणजे तेवढेच. राज्याच्या सीईटीत वजाबाकी मुळीच नाही. तिथे एकही गोळा कोरा ठेवणे म्हणजे हातचे गुण टाकून देणे.

हे दर वेगवेगळे का, याचे तर्कशुद्ध उत्तर सूचनापत्रांत सापडत नाही. उमेदवाराच्या कानावर मात्र सगळीकडे एकच शब्द पडतो : निगेटिव्ह. पुण्याच्या अभ्यासिकांत बसणारी मुले यूपीएससी आणि एमपीएससी दोन्हींची तयारी एकत्र करतात, आणि एका परीक्षेतली सावधगिरी दुसरीत नेतात. पहिलीत ती सावधगिरी निदान निरुपद्रवी असते, दुसरीत ती सरासरीने गुण घालवते.

वजाबाकीची बाजू

वजाबाकीचे समर्थक दोन मुद्दे मांडतात. एक मापनाचा. अंदाजाने मिळालेले गुण म्हणजे मापातली अशुद्धी. ते जितके कमी तितका निकाल विश्वासार्ह. फ्रेडरिक लॉर्ड यांनी १९७५ मध्ये हा मुद्दा नेमका केला. विद्यार्थ्याने सूचना समजून घेऊन फक्त तेच प्रश्न कोरे सोडले, जिथे त्याच्याजवळ निव्वळ तुक्काच उरला होता, तर वजाबाकीचे गुण साध्या गुणांपेक्षा अधिक विश्वसनीय ठरतात. दुसरा मुद्दा मूल्याचा आहे. डॉक्टर, अभियंता, अधिकारी होऊ पाहणाऱ्याला 'मला हे माहीत नाही' असे ओळखता यायला हवे. चुकीचा डोस आणि न दिलेला डोस यांत फरक आहे. हा युक्तिवाद मला हलका वाटत नाही. आपल्या ज्ञानाची हद्द ओळखणे ही कोणत्याही जबाबदारीच्या कामातली मोठी पात्रता आहे, आणि परीक्षेने तिची कदर करावी ही अपेक्षा रास्त आहे.

विरोधी बाजू

विरोधकांचे म्हणणे असे की लॉर्ड यांची अट प्रत्यक्षात पाळली जात नाही. विद्यार्थी निव्वळ तुक्क्याचे प्रश्न सोडत नाहीत, ते अर्धवट येणारे प्रश्नही सोडतात. यावर प्रयोग झाले. कोऱ्या सोडलेल्या प्रश्नांची उत्तरे नंतर द्यायला लावली तर किती बरोबर येतात? क्रॉस आणि फ्रॅरी यांना १९७७ मध्ये ती योगायोगाहून अधिक बरोबर आढळली. म्हणजे मुले ज्ञान हातात असून सोडत होती. अँगॉफ आणि श्रेडर यांनी १९८४ मध्ये प्रवेश परीक्षांच्या माहितीवरून उलटा कौल दिला : कोऱ्या जागी योगायोगापलीकडे फारसे काही नव्हते. हा वाद त्या पातळीवर निकाली निघालाच नाही.

पुढे प्रश्नच बदलला. कोण जास्त सोडतो, असे विचारले जाऊ लागले. कॅथरिन बाल्डिगा यांनी २०१४ मध्ये दाखवले की चुकीला दंड असेल तर तेवढ्याच तयारीच्या स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक प्रश्न सोडतात. दंड काढला की हा फरक नाहीसा होतो. प्रयोगशाळेबाहेरचा मोठा पुरावा चिलीतून आला. तिथल्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतला दंड २०१४-१५ च्या सुमारास रद्द झाला. कॉफमन आणि क्लिनोव्स्की यांनी २०२० मध्ये आधीच्या आणि नंतरच्या निकालांची तुलना प्रसिद्ध केली. कोऱ्या प्रश्नांतला स्त्री-पुरुष फरक सुमारे सत्तर टक्क्यांनी घटला आणि वरच्या गुणांच्या गटात मुलींची स्थिती सुधारली. ज्ञान तेच होते, फक्त दंडाची भीती गेली.

अमेरिकेत शालेय विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयीन स्तरावरील एपी परीक्षांनी २०११ मध्ये आणि सॅटने २०१६ मध्ये दंड काढून टाकला. आपल्याकडे मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जेईईच्या एका प्रकरणात नकारात्मक गुणदानावर कडक टीका केली आणि ही पद्धत विचारपूर्वक केलेल्या अंदाजाची वाट अडवते असे म्हटले. परीक्षा घेणाऱ्या यंत्रणांनी पद्धत बदलली नाही.

समर्थकांचे याला उत्तर आहे, आणि ते ऐकायला हवे. दंड काढला तर वेळ संपताना उरलेले पंधरा गोळे झरझर रंगवणारा आणि ते पंधरा प्रश्न वाचणारा यांच्यातले अंतर कमी होते. शिवाय सगळ्यांनी सगळे रंगवले तर नशिबाचा वाटा सगळ्यांच्याच गुणांत शिरतो. भीतीचा अन्याय जातो, योगायोगाचा वाढतो. कोणता परवडतो, हे गणित सांगू शकत नाही.

अर्धवट येणाऱ्या प्रश्नाचे काय

माझ्या मते चर्चेचा गाभा इथे आहे. माहीत असणे आणि नसणे या दोनच अवस्था धरून सूत्र बांधलेले आहे. प्रत्यक्षात प्रश्नपत्रिकेतला मोठा भाग मधल्या पट्ट्यात असतो. सह्याद्रीतल्या घाटांचा उत्तर-दक्षिण क्रम विचारला आहे, आणि चारांपैकी दोन क्रम चुकीचे आहेत एवढे पक्के माहीत आहे. यूपीएससीच्या दोन गुणांच्या प्रश्नात एक पर्याय बाद करता आला तर अंदाजाची सरासरी कमाई सुमारे ०.२२ गुण, दोन बाद झाले तर ०.६७. हा तुक्का नव्हे, ही ज्ञानाचीच अर्धी रक्कम आहे. क्लासमधून 'एलिमिनेशन' म्हणून शिकवतात ते हेच. त्याला लबाडी म्हणणे मला योग्य वाटत नाही.

संघ लोकसेवा आयोगही या पट्ट्याकडे पाहतो आहे. पूर्वी 'फक्त १ आणि २', 'फक्त २ आणि ३' अशा पर्यायांत एक विधान चूक कळले की दोन पर्याय कटत. २०२३ च्या पूर्वपरीक्षेत 'वरीलपैकी किती विधाने बरोबर' असा साचा मोठ्या प्रमाणावर आला : फक्त एक, फक्त दोन, तिन्ही, एकही नाही. इथे एक विधान माहीत असून फारसे भागत नाही. अंदाजाला आळा बसला, पण अर्धे ज्ञान शून्याच्या रांगेत गेले. तीनपैकी दोन विधाने नक्की माहीत असलेला आणि एकही माहीत नसलेला, दोघांना सारखेच गुण पडू शकतात.

उलट दिशेचे प्रयत्नही आहेत. इटालियन गणिती ब्रूनो द फिनेत्ती यांनी १९६५ मध्ये सुचवले की विद्यार्थ्याने एक पर्याय निवडू नये, प्रत्येक पर्यायावर आपला विश्वास किती हे आकड्यात लिहावे, आणि गुणदान असे असावे की प्रामाणिक आकडे लिहिण्यातच त्याचा फायदा राहील. कल्पना सुंदर आहे, पण लाखोंच्या परीक्षेत ती समजावून सांगणे अवघड. जेईई अॅडव्हान्स्डने मधला मार्ग घेतला. एकाहून अधिक पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नांत अंशतः बरोबर उत्तराला अंशतः गुण आणि चूक पर्याय निवडला तर दंड. चार पर्यायांतून निवडीचे पंधरा प्रकार होतात, त्यामुळे आंधळ्या अंदाजाला पूर्ण गुण मिळण्याची शक्यता पंधरात एक. गेटमध्ये थेट संख्या लिहायचे प्रश्न आहेत, तिथे अंदाजाचा प्रश्न जवळजवळ मिटतो आणि दंडही नाही. पण संख्या गणितात विचारता येते. इतिहासात, राज्यघटनेत तिचा उपयोग मर्यादित.

तिसरा मार्ग सांख्यिकीचा आहे. अॅलन बर्नबॉम यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात प्रत्येक प्रश्नाला काठिण्य आणि भेदक्षमतेबरोबर अंदाजाचाही आकडा दिला जातो. सोपे प्रश्न चुकवणाऱ्याने फार अवघड प्रश्न बरोबर दिला तर त्याला पूर्ण वजन मिळत नाही. मापनासाठी हे सरस आहे. अडचण विश्वासाची आहे. उत्तरतालिका हातात घेऊन आपले गुण स्वतः मोजण्याची सवय असलेल्या उमेदवाराला त्याचे गुण एका प्रतिमानातून आले आहेत, हे कसे पटवायचे?

पर्याय किती आणि कुठे

पर्याय वाढवले की अंदाज कमी होतो, हे कागदावर खरे. पण चौथा-पाचवा पर्याय बहुधा कुणी निवडतच नाही, कारण तो उघडच चुकीचा असतो. मायकेल रॉड्रिग्ज यांनी २००५ मध्ये ऐंशी वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित अभ्यास करून तीन चांगले पर्याय पुरेसे ठरतात असा निष्कर्ष काढला. उत्तराच्या जागेबद्दल अटाली आणि बार-हिलेल यांनी २००३ मध्ये दाखवले की प्रश्न काढणारे बरोबर उत्तर मधल्या पर्यायांत लपवतात आणि अंदाज करणारेही मधलेच निवडतात. जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या की 'क' रंगवत जाण्याच्या युक्तीतला अर्थ संपतो.

कोरा गोळा

सोडलेल्या प्रश्नाची आणखी एक बाजू मापनाची नाही, सुरक्षेची आहे. कोरा गोळा परीक्षेनंतर दुसऱ्या कुणी रंगवू शकतो. राजस्थानने यावर पाचवा पर्याय आणला. प्रश्न सोडायचा असेल तर तसा गोळा रंगवायचा. पाचांपैकी एकही न रंगवल्यास वजाबाकी, आणि असे प्रश्न दहा टक्क्यांहून अधिक झाले तर उमेदवार अपात्र. तमिळनाडूच्या आयोगानेही 'उत्तर माहीत नाही' असा पाचवा गोळा ठेवला आहे. 'माहीत नाही' हे प्रथमच नोंदवण्याजोगे उत्तर झाले, हा यातला चांगला भाग. परीक्षेच्या घाईत विसरलेल्या गोळ्याचाही दंड भरावा लागतो, ही त्याची किंमत.

काय सुटलेले नाही

पहिला प्रश्न चुकीच्या प्रश्नांचा. वजाबाकीचे सगळे गणित 'एकच पर्याय बरोबर' या गृहीतकावर उभे आहे. नीट २०२४ मध्ये भौतिकशास्त्राच्या, अणूविषयीच्या एका प्रश्नाला आधी दोन उत्तरे मान्य झाली, कारण जुन्या पाठ्यपुस्तकात वेगळे विधान होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच पर्याय बरोबर ठरवला आणि दुसरा निवडणाऱ्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे पाच-पाच गुण गेले : मिळालेले चार आणि चुकीचा एक. दोन पर्याय पटण्यासारखे वाटले म्हणून दंडाच्या भीतीने प्रश्न सोडून दिल्याची तक्रारही त्याच खटल्यात होती. सदोष प्रश्नात सोडणाऱ्याला आणि धीर करणाऱ्याला न्याय कसा द्यायचा, याचा सर्वमान्य नियम आजही नाही.

दुसरा प्रश्न भाषेचा. यूपीएससीची पूर्वपरीक्षा इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठी माध्यमातला उमेदवार ती दुसऱ्या भाषेत वाचतो. नीट आणि एमपीएससी मराठीत देता येतात, पण पारिभाषिक शब्द अनुवादात अडतो तेव्हा विषय येत असूनही खात्री ढळते, आणि दंडाच्या परीक्षेत ढळलेली खात्री म्हणजे कोरा गोळा. माध्यमानुसार कोऱ्या प्रश्नांचे प्रमाण बदलते का, हे तपासण्याजोगे आहे.

तिसरा प्रश्न एमपीएससीचा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०१२ पासून बहुपर्यायी होती. ती वर्णनात्मक करण्याचा निर्णय २०२२ मध्ये झाला, २०२३ मध्ये पुण्यात उमेदवारांनी आंदोलन केले आणि बदल २०२५ च्या परीक्षेवर गेला. केली यांनी ज्या परीक्षकाच्या मर्जीपासून सुटका शोधली होती, ती परत येणार म्हणून अनेकांना धास्ती वाटली. इतरांना पाठांतर आणि तुक्का या दोन्हींतून सुटका दिसली. पूर्वपरीक्षा बहुपर्यायीच राहिली आहे, त्यामुळे एक चतुर्थांशाचा दर प्रवेशद्वारावर कायम आहे.

हा दर ठेवायचा, वाढवून सूत्राइतका करायचा की काढून टाकायचा, याबद्दल माझे मत असे : कोणताही ठेवा, पण त्याचा अर्थ सूचनापत्रात आकड्यानिशी सांगा. आंधळा अंदाज शून्यावर येतो की नफ्यात जातो, एक पर्याय बाद झाल्यावर काय होते, हे चार ओळींत लिहिता येते. ज्याला क्लास परवडतो त्याला ते आज कळते, जो एकटा गावातल्या वाचनालयात बसून तयारी करतो त्याला कळेलच असे नाही. आणि प्रत्येक रंगवलेल्या व कोऱ्या गोळ्याची नोंद परीक्षा यंत्रणांच्या संगणकात असते. नावे व बैठक क्रमांक वगळून, पण लिंग, माध्यम आणि जिल्हा ठेवून ती संशोधकांना मिळाली, तर चिलीत जे तपासता आले ते महाराष्ट्रातही एका निकालाच्या हंगामात तपासता येईल.